सोवळं आणि दुपटं

तेरच्या गोरा कुंभाराची कथा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. बायको पाण्याला निघते. रांगतं पोर अंगणात सोडून नवऱ्याला म्हणते, एवढं याच्याकडे लक्ष ठेवा. गोरोबा मडक्यांसाठी चिखल तुडवत असतात. ओठांवर विठ्ठलाचं नाव, देहाचं भान हरपलेलं. पोर रांगत रांगत चिखलात शिरतं आणि बापाच्या पायांखाली तुडवलं जातं. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिला, त्यात ही कथा आहे. पुढे गोरोबांचे हात तुटतात, आणि अखेर पंढरपुरात कीर्तन चालू असताना हातही परत येतात आणि लेकरूही.

कीर्तनकार ही कथा सांगतात ती भक्तीच्या पराकाष्ठेची म्हणून. शेवट चमत्काराने गोड होतो, त्यामुळे तिच्या पोटातला प्रश्न सहसा कोणी उघडून बघत नाही. आईने पोर बापावर सोपवलं होतं. बाप चार हातांवर होता. तरी पोर एकटंच होतं. मग देवाकडे लागलेलं ध्यान आणि लेकराकडे ठेवायचं लक्ष या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात का? लंगोट बदलण्यात, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारण्यात, जागरणात गेलेला वेळ साधनेतून वजा करायचा, की तीही साधनाच धरायची?

आजच्या घरात हा प्रश्न पोथीपुरता उरलेला नाही. आई सहा महिन्यांनी कामावर रुजू होते. आजी गावाला असते, किंवा तिलाही नोकरी असते. बंगळूर, दुबई किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात तर बाळंतपणाला माहेरच नसतं. पोर खरोखरच बापाच्या हाती येतं, आणि त्या हातांना काहीच ठाऊक नसतं. आजवर धर्माने त्यांना शिकवलं काय, हे म्हणून तपासून बघायला हवं.

धर्मशास्त्राने बापाला बाळाच्या जन्माशी जोडलं आहे, आणि तेही पहिल्या घटकेपासून. जातकर्म हा संस्कार बापाने करायचा. मनुस्मृतीच्या म्हणण्याप्रमाणे नाळ कापण्याआधी. सोन्याने मध आणि तूप चाटवायचं, मंत्र म्हणायचे, बाळाला बुद्धी आणि आयुष्य मागायचं. (आजचे बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका असं बजावतात आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सांगतात, ते पाळायलाच हवं.) पुढे नामकरण, निष्क्रमण, अन्नप्राशन. प्रत्येक टप्प्यावर संकल्प सोडायला बाप हजर. मात्र या संस्कारांच्या मधल्या दिवसांत, म्हणजे बाळ खरोखर जगतं त्या दिवसांत, त्याने काय करावं याची वाच्यता नाही.

या मौनाचं एक कारण विटाळाच्या कल्पनेत आहे. जन्माचं अशौच, आपल्याकडे ज्याला सोयर म्हणतात, त्याबद्दल मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन पर्याय येतात. एक, ते आई-बाप दोघांना लागतं. दुसरा, ते एकट्या आईला लागतं आणि बाप आंघोळ केली की शुद्ध होतो. दुसऱ्या पर्यायाचा परिणाम व्यवहारात फार खोल गेला. बाळंतीण दहा दिवस काळोख्या खोलीत. तिचे कपडे वेगळे, भांडी वेगळी. तिच्याजवळ जाणार ती सुईण, मळकी दुपटी धुणार त्या बहुधा ज्यांना समाजाने आधीच अस्पृश्य ठरवलेलं असे अशा बायका. बाप बाहेरच्या खोलीत. पाचवी-सहावीला सटवाईची पूजा बायकांनीच मांडायची, पाळणा त्यांनीच म्हणायचा, बाराव्या दिवशी बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे कित्येक बापांनी आपलं मूल पहिल्यांदा पाहिलं ते बारशाला: धुऊन-पुसून, तीट लावून, कुंची घालून तयार केलेलं.

अशा व्यवस्थेत वाढलेल्या पुरुषाला लंगोट बदलायची किळस वाटली तर ती त्याच्या स्वभावात जन्मजात होती असं कसं म्हणायचं? ती पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. बापाच्या वाट्याला मंत्र आला, आईच्या वाट्याला मळ. आणि दोन्हीला धर्माचं नाव मिळालं.

गोरोबांची कथा ज्या परंपरेने जपली त्याच परंपरेने पैठणच्या एकनाथांची कथाही जपली आहे. भर दुपारी नाथ गोदावरीच्या वाळवंटातून निघालेले असतात. तापलेल्या वाळूत एक पोर एकटंच टाहो फोडतंय. ते अस्पृश्य मानलेल्या जातीतलं. नाथ ब्राह्मण, पैठणसारख्या कर्मठ गावातले. नाथ त्याला उचलतात, कडेवर घेतात, त्याचे नाक-डोळे पुसतात आणि वस्तीत शिरून आईच्या स्वाधीन करतात. सोळाव्या शतकातल्या पैठणात या कृतीला काय किंमत मोजावी लागे, हे कथा ऐकणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

ही कथा सहसा जातिभेदाविरुद्धचा दाखला म्हणून वापरली जाते आणि ते रास्तच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. तान्ह्या पोराचं शेंबडाचं नाक एक पुरुष पुसतो आहे, आणि परंपरा ते संतपणाचं लक्षण म्हणून सांगते आहे. नाथांचं ध्यान मोडलं असं कोणी म्हणत नाही. रडणं ऐकू येणं हाच तिथे भक्तीचा पुरावा ठरतो. गोरोबांच्या कथेत नामस्मरणामुळे कान बंद झाले होते. नाथांच्या कथेत ते उघडे राहिले. वारकरी पंथाने दोघांनाही संत मानलं. तेव्हा त्याच्या पोटात दोन्ही उत्तरं आहेत, आणि आजच्या बापाने कोणतं उचलायचं ते ठरवायला तो मोकळा आहे.

इतर धर्मांतही हाच पेच पडला होता. इस्लाममध्ये नमाजाआधीच्या शुद्धतेचे नियम काटेकोर आहेत. तरी बुखारींच्या हदीस संग्रहात एक प्रसंग येतो. उम्म कैस नावाची बाई आपलं अंगावर पिणारं बाळ घेऊन येते, प्रेषित मुहम्मद त्याला मांडीवर घेतात, आणि ते त्यांच्या कपड्यांवर शू करतं. ते पाणी मागवतात, त्या जागी शिंपडतात, संपलं. दुसऱ्या एका हदीसमध्ये ते आपल्या नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढतात. सजद्याला वाकताना तिला खाली ठेवतात, उठताना पुन्हा उचलतात. लहान मूल जवळ असताना प्रार्थना खंडित होते का, याचं उत्तर तिथे वादविवादाने दिलेलं नाही, करून दाखवलेलं आहे.

बुद्धांची गोष्ट अधिक अवघड आहे. परंपरा सांगते की राहुलचा जन्म झाला त्याच रात्री सिद्धार्थ घर सोडून निघाला. मुक्तीच्या वाटेवर तान्हं मूल हा अडथळाच आहे, असं म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत मोठा दाखला. पण विनयपिटकाच्या महावग्गात नंतरचे बुद्ध दिसतात. हगवण लागलेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडलेला आहे, कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. बुद्ध स्वतः पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, दोघं मिळून त्याला उचलून बिछान्यावर ठेवतात. मग ते संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. तान्ह्या राहुलसाठी त्या हातांनी काही केल्याचं ग्रंथ सांगत नाहीत. पण दुसऱ्याच्या देहाची घाण स्वतः धुणं धर्माच्या बाहेर नाही, हे त्यांनीच घालून दिलं.

युरोपात मध्ययुगात एक लोककथा रुजली होती. बेथलेहेमच्या गोठ्यात बाळ येशूला गुंडाळायला कापड नव्हतं, म्हणून जोसेफने पायातले लांब मोजे काढून त्याची दुपटी केली. साधारण १४०० सालच्या एका चित्रफलकात जोसेफ मोजे कापताना दाखवला आहे. तो आज अँटवर्पच्या मायर व्हान डेन बर्ग संग्रहालयात आहे. १५२२ मध्ये मार्टिन ल्यूथरने विवाहावर एक पुस्तिका लिहिली. बापाने बाळाची दुपटी धुतली आणि लोक त्याला बायल्या म्हणून हसले, तर देव आपल्या सगळ्या देवदूतांसह प्रसन्न होतो, अशा आशयाचं त्याने त्यात लिहिलं. तेव्हा तो अविवाहित होता. तीन वर्षांनी त्याने कॅथरिना फॉन बोराशी लग्न केलं आणि त्यांना सहा मुलं झाली. ल्यूथरचं म्हणणं त्या काळी स्फोटक होतं. मठातला उपवास आणि घरातलं दुपटं यांत पहिलं पवित्र आणि दुसरं हलकं अशी उतरंड चर्चने लावली होती. ल्यूथरने ती मोडली.

भारतात हे काम कोणी शिकून, वाचून आणि धर्म म्हणून केलं असेल, तर त्यात एक ठळक नाव मोहनदास गांधींचं आहे. डर्बनमध्ये वकिली करताना त्यांना शेवटची दोन मुलं झाली. डॉ. त्रिभुवनदासांचं ‘माने शिखामण’ हे गुजराती पुस्तक, म्हणजे आईला शिकवण देणारं पुस्तक, गांधींनी बाप म्हणून वाचलं आणि त्याबरहुकूम दोन्ही बाळांचं सगळं स्वतः केलं. दाई ठेवली ती कस्तुरबांच्या मदतीला, बाळांसाठी नाही. १९०० मध्ये देवदासच्या वेळी कळा अचानक सुरू झाल्या, डॉक्टर वेळेत मिळेना, तेव्हा बाळंतपणही त्यांनीच निभावून नेलं. आत्मकथेत हा भाग सेवावृत्तीवरच्या प्रकरणात आहे. दवाखान्यात रुग्णसेवा केली त्याच ओघात ते बाळांच्या संगोपनाबद्दल लिहितात.

त्याच आत्मकथेत त्याच डर्बनच्या घरातला आणखी एक प्रसंग आहे आणि तो वगळून चालणार नाही. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचं मूत्रपात्र कस्तुरबांनी साफ करावं, आणि तेही हसतमुखाने, असा गांधींचा हट्ट. कस्तुरबांनी रडत रडत ते नेलं, तेव्हा गांधी इतके चिडले की त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. पुढे त्यांनी याची जाहीर कबुली दिली. एकाच माणसाच्या हातून दोन्ही घडलं. स्वतः वाकून मळ उचलला तेव्हा ती सेवा होती. दुसऱ्याला उचलायला लावला तेव्हा ती जबरदस्ती झाली. बापाच्या कामाबद्दल बोलताना हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवायला हवा, कारण पुरुषांनी आजवर या कामाची थोरवी भरपूर गायली आणि काम मात्र बायकोवर सोडलं.

प्रत्यक्षात हे काम असतं तरी कसं? पहिले एक-दोन दिवस बाळ काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी करतं. ती कोरड्या कापडाने निघत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने, कधी तेलाचं बोट लावून, हळूहळू पुसावी लागते. बाळाला पाठीवर ठेवायचं, दोन्ही घोटे एका हाताच्या चिमटीत धरून पाय अलगद उचलायचे, दुसऱ्या हाताने पुसायचं. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे, म्हणजे शीतले जंतू लघवीच्या जागी जात नाहीत. जांघेच्या घडीतला भाग विसरला की दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा दिसतो. नाळेचा खुंट सुकून गळेपर्यंत लंगोट किंवा डायपर बेंबीच्या खाली दुमडून बांधायचं. अंगावरचं दूध उतरलं की शी पिवळी आणि पातळ होते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-सात वेळा लंगोट ओलं होत असेल तर दूध पुरतंय. कमी होत असेल तर डॉक्टरांना विचारायचं. बाळ बोलत नाही, पण ओल्या दुपट्यांची मोजदाद ठेवणाऱ्या बापाला त्याची तब्येत कळते.

रडणं थांबवणं त्याहून अवघड. जपानच्या राइकेन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की रडणाऱ्या बाळाला घेऊन चालायला लागलं की काही सेकंदांत त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. नुसतं कडेवर घेऊन बसलं तर तसं होत नाही. हे इतर सस्तन प्राण्यांच्या पिल्लांतही दिसतं, कारण आई उचलून पळते तेव्हा गप्प राहणारं पिल्लू वाचतं. २०२२ मध्ये त्याच गटाने पुढचं सांगितलं: न थांबता पाच मिनिटं चाला, झोप लागली की लगेच खाली ठेवू नका, पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसा, मगच ठेवा. घाई केली की अंगापासून सुटताक्षणी बाळ जागं होतं. हे प्रयोग आयांवर झाले, पण चालायला लागणारे पाय आणि थोपटणारा हात बापाकडेही असतात. आणि काहीही केलं तरी बाळ थांबत नसेल, डोकं भणाणून गेलं असेल, तर बाळाला उताणं, सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटं बाजूच्या खोलीत जायचं. गदागदा हलवायचं कधीही नाही, कारण त्याने तान्ह्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. क्रोधावर विजय मिळवण्याबद्दल संतांनी जे लिहून ठेवलं आहे, त्याची परीक्षा रात्री अडीचला अशी होते.

‘पण आईला हे उपजत येतं, बापाला नाही,’ असं अजूनही सर्रास म्हटलं जातं. विज्ञान या म्हणण्याला फारसा आधार देत नाही. २०११ मध्ये ली गेट्लर आणि सहकाऱ्यांनी फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांचा काही वर्षं घेतलेला मागोवा प्रसिद्ध केला. बाप झालेल्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन लक्षणीय घटलं, आणि रोज तीन तास किंवा अधिक बाळाचं करणाऱ्यांत ते सर्वांत कमी आढळलं. २०१४ मध्ये इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात रूथ फेल्डमन यांच्या गटाने आईविना मूल वाढवणाऱ्या बापांचे मेंदू तपासले. आईच्या मेंदूत बाळासाठी सावध राहणारा जो भाग सतत जागा असतो, तो त्या बापांतही तेवढाच जागा झालेला दिसला. आणि बापाने बाळासाठी जितका वेळ दिला, तितके मेंदूतले संबंधित भाग अधिक जोडले गेले. मध्य आफ्रिकेच्या जंगलातल्या आका लोकांत मानववंशशास्त्रज्ञ बॅरी ह्यूलेट यांना आढळलं की बाप दिवसाचा ४७ टक्के वेळ बाळाला घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असतात. शरीर पुरुषाचं असलं तरी बाळ हातात घेतल्याने ते बदलतं.

यातून पुढे येणारी गोष्ट तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आपण धरून चालतो की आधी प्रेम असतं आणि त्यातून सेवा घडते. बापाच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. आधी सेवा, मग प्रेम. जो बाप प्रेम दाटून येण्याची वाट बघत बाजूला उभा राहतो, त्याला ते येतं ते उशिरा आणि अर्धवट. जो लंगोट धुतो, त्याला ते धुता धुता येतं. नवविधा भक्तीत कीर्तन-स्मरणाबरोबर पादसेवन आणि दास्यही आहे. भाव जागा व्हावा म्हणून आधी शरीराने काही करायचं, ही भक्तीची जुनीच रीत.

यावर वेदान्ताची हरकत येईल आणि ती गंभीर आहे. बृहदारण्यक उपनिषदात तीन एषणा सांगितल्या आहेत: पुत्राची, वित्ताची आणि लोकांची. ज्ञानी माणूस त्या सोडतो. मग लेकरात इतकं गुंतणं हा मोहच नाही का? उत्तर पहिल्या सहा आठवड्यांत सापडतं. नवजात बाळ बापाकडे बघून हसत नाही. खरं, समोरच्याला ओळखून हसणं साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात येतं. आणि रडणं? अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रॅझल्टन यांनी १९६२ मध्ये नोंदवलं की ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं. म्हणजे ज्या काळात कष्ट सर्वांत जास्त, त्याच काळात परतफेड शून्य. बाळ आभार मानत नाही, ओळख देत नाही, कोणावर गेलं तेही नीट दिसत नाही. आपल्या वंशाचा दिवा पाहिजे ही पुत्रैषणा; समोरच्या अनोळखी, ओल्या, रडणाऱ्या जिवाला कोरडं करणं ही वेगळीच गोष्ट. पहिलीत ‘माझं’ असतं. दुसरीत ते रात्रीगणिक झिजत जातं.

गीतेतला निष्काम कर्माचा उपदेश रणांगणावर झाला, त्यामुळे तो पराक्रमाच्या कामांनाच लागू आहे असा समज झाला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये छापून आलेल्या ‘गीतारहस्या’चा सगळा भर यावर आहे की ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नसतं, जग चालण्यासाठी जे करायला हवं ते फळाची आस न धरता करायचं. हे तत्त्व मानलं तर त्यातून लंगोट वगळता येत नाही. उलट फळाची आशा जिथे मुळातच धरता येत नाही असं काम संसारी माणसाच्या वाट्याला दुसरं कुठे सहज येतं?

एक हरकत मात्र याहून टोकदार आहे, आणि ती बायकांची आहे. आयांनी हजारो वर्षं हे केलं तेव्हा कोणी त्याला योग म्हटलं नाही. बापाने चार वेळा डायपर बदललं की ती साधना? ही हरकत मान्य करूनच पुढे जायला हवं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरच्यांची काळजी घेण्याच्या कामात १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के स्त्रिया भाग घेतात आणि त्यावर दिवसाला सुमारे १४० मिनिटं घालवतात, पुरुष २१.४ टक्के, आणि ७४ मिनिटं. साधना असेल तर ती आधी आयांची आहे. त्यांच्या कष्टांना धर्माने विटाळाचं नाव दिलं ही चूक दुरुस्त करणं हे पहिलं काम. बापाने त्यात उशिरा येऊन बसायचं, आणि मखरात नाही, मोरीपाशी.

संस्कारांत बदल होत नाही असंही नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने मराठीत अर्थ सांगणाऱ्या संस्कार पोथ्या तयार केल्या, स्त्री पुरोहित घडवल्या, आणि शहरी मराठी समाजाने त्यांना आपल्या घरी बोलावलं. मग बारशाच्या दिवशी बापाने चारचौघांत बाळाचं दुपटं बदलावं, असा एक विधी पोथीत यायला काय हरकत आहे? जातकर्माचा गाभा आईबरोबर बापानेही बाळाला पहिल्या घटकेत स्पर्श करावा हाच आहे, आणि त्याला आज नवं शास्त्रही मिळालं आहे. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे डॉ. एडगर रे यांनी इनक्युबेटर कमी पडतात म्हणून अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधायला सुरुवात केली. ती कांगारू पद्धत आज जगभर वापरली जाते, आणि आई थकलेली किंवा आजारी असेल तेव्हा बाप सदरा काढून बाळाला छातीशी घेऊ शकतो.

यासाठी लागतो तो वेळ, आणि तो देण्यात आपला कायदा कंजूष आहे. २०१७ च्या दुरुस्तीने आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवसांची. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशभर लागू असा कायदाच नाही. जे मिळतं ते मालकाच्या मर्जीवर. रिक्षा चालवणारा, गवंडीकाम करणारा, शेतमजूर बाप तर या हिशेबात कुठेच नाही. स्वीडनने १९७४ मध्येच पालक रजा आई-बाप दोघांसाठी खुली केली, आणि आज तिथल्या ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात. बापाने ते घेतले नाहीत तर बुडतात. आपल्याकडे एवढी मोठी उडी लगेच शक्य नाही हे मान्य. पण बाळाचं रडणं शिगेला पोचतं आणि मग ओसरू लागतं, ते पहिले दोन महिने तरी बाप घरी असेल एवढी भरपगारी रजा सरकारी आणि खासगी दोन्ही नोकऱ्यांत कायद्याने द्यायला हवी. आणि गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातल्या तपासणीला जोडप्याला बोलावून लंगोट बांधणं, ढेकर काढणं, बाळ खांद्यावर घेणं या गोष्टी प्रसूतिगृहाने बापाकडून बाहुलीवर करवून घ्यायला हव्यात.